निरोप पोहोचला म्हणजे काय?

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात एक प्रॅक्टिकल ठरलेले असते. सी भाषेत दोन प्रोग्रॅम लिहायचे, एक सर्व्हर आणि एक क्लायंट. एकाने पाठवलेला मजकूर दुसऱ्याने वाचून दाखवायचा. बहुतेक वेळा हे दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर दोन खिडक्यांत चालवले जातात. पत्ता असतो १२७.०.०.१, म्हणजे ‘हाच संगणक’. एका खिडकीत टाइप केलेली ओळ दुसरीत उमटते, आउटपुटची प्रिंट जर्नलला लागते, सही होते आणि पुढच्या प्रॅक्टिकलची तयारी सुरू होते. आता तेच दोन प्रोग्रॅम दोन वेगळ्या इमारतींतल्या संगणकांवर चालवून पाहा आणि एका ओळीऐवजी चार हजार बाइटचा मजकूर पाठवा. कधी तो सगळा येईल, कधी निम्माच. दोन छोटे निरोप लागोपाठ पाठवले तर ते एकमेकांना चिकटून येतील. मधली वायर निघाली तर वाचणारा प्रोग्रॅम नुसता वाट पाहत राहील. तो चूकही सांगणार नाही आणि थांबणारही नाही. पत्ता सोडला तर प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नाही. बदलली आहे ती फक्त जागा.

या फरकात एक अख्खा विषय दडलेला आहे. युनिक्स प्रोग्रॅमिंग आणि कॉम्प्युटर नेटवर्क हे सहसा दोन स्वतंत्र पेपर असतात. पहिल्यात विद्यार्थी प्रोसेस, फाइल, पाइप आणि सिग्नल शिकतो. दुसऱ्यात सात थरांचे मॉडेल, आयपी पत्ते, सबनेटिंग आणि टीसीपी. पुस्तके वेगळी, ओरल वेगळी, बऱ्याचदा सत्रही वेगळे. माझे म्हणणे असे की ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. एका संगणकाच्या आत सगळ्यांची खबर ठेवणारा कोणीतरी असतो. दोन संगणकांच्या मध्ये तसा कोणीच नसतो. पहिल्या जगाच्या भरवशावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जगात नेल्यावर नेमके काय मोडते, हे स्वतः प्रोग्रॅम लिहून आणि मोडून पाहणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. तो राहून गेला तर विद्यार्थ्याला आज्ञांची नावे पाठ होतात, विषय मात्र हाती लागत नाही.

पहिले जग कसे घडले ते आधी पाहू. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या मरी हिल येथे, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या तशा लहान संगणकावर युनिक्सची सुरुवात केली. या प्रणालीतला सर्वांत टिकाऊ विचार असा होता की डिस्कवरची फाइल असो, कीबोर्ड असो वा टर्मिनलचा पडदा, प्रोग्रॅमला त्या सगळ्यांशी एकाच रीतीने वागता यावे. प्रोग्रॅमने काही उघडायला सांगितले की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याच्या हाती एक छोटा आकडा ठेवतो. त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच तो असतो: चपला कुठल्या फळीवर आहेत हे आपल्याला ठाऊक नसते, बिल्ला दाखवला की काम होते. शून्य क्रमांकाच्या बिल्ल्यावरून वाचायचे, एक क्रमांकावर लिहायचे, दोन क्रमांकावर चुका सांगायच्या, असा संकेत ठरला. एक क्रमांकाचा बिल्ला पडद्याकडे जातो की फाइलकडे, हे प्रोग्रॅमला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. प्रोग्रॅम बागेतल्या पाइपच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असे डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्समध्ये आणली. एकाचे लिहिणे थेट दुसऱ्याचे वाचणे झाले, आणि दोघांनाही एकमेकांची ओळख लागली नाही.

ही सोय चालते कारण मागे कर्नल सगळ्या नोंदी ठेवून असतो. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी तशी प्रत्येक प्रोसेसची नोंद त्याच्याकडे असते. ‘फोर्क’ ही आज्ञा दिली की चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत तयार होते. आज्ञा एकदाच दिली जाते, उत्तर मात्र दोन ठिकाणी मिळते: पालक प्रोसेसला बाळाचा क्रमांक, बाळाला शून्य. बाळ प्रोसेस संपली तरी पालकाने ‘वेट’ म्हणून तिची चौकशी करेपर्यंत कर्नल तिचे नाव वहीतून काढत नाही. या अवस्थेला झोंबी म्हणतात. पालक आधी संपला तर पोरक्या प्रोसेसला दुसरा पालक नेमून दिला जातो, परंपरेने एक क्रमांकाची प्रोसेस. झोंबी आणि ऑर्फन प्रोसेस दाखवा, हे प्रॅक्टिकल हजारो विद्यार्थी दरवर्षी करतात. त्यातला मुद्दा असा की या जगात कोणाचाही मृत्यू नोंदीवाचून होत नाही. म्हणूनच पाइपमध्ये लिहिणारी प्रोसेस कशानेही संपली तरी कर्नल तिचे सगळे बिल्ले परत घेतो आणि वाचणाऱ्याला ‘आता काही येणार नाही’ असे स्पष्ट कळते. नवशिक्याचा प्रोग्रॅम इथे कधी अडकतो, तो पालकाने स्वतःकडचे लिहिण्याचे टोक बंद न केल्यामुळे. कर्नलच्या वहीत अजून एक लिहिणारा शिल्लक असतो, म्हणून तो ‘संपले’ म्हणत नाही. अडकण्यातही त्याचा हिशेब चोख असतो.

आता दुसरे जग. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे अमेरिकेतले संशोधन-जाळे टीसीपी/आयपी या नियमांवर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सॉकेट आले. दूरच्या संगणकाशी जोडलेले सॉकेटही प्रोग्रॅमच्या हाती साधा डिस्क्रिप्टर म्हणूनच यावे, ‘रीड’ आणि ‘राइट’ याच आज्ञा त्यावर चालाव्यात, असा निर्णय त्यात घेतलेला होता. हा निर्णय इतका सोयीचा ठरला की आजही लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत त्याच पद्धतीचे सॉकेट वापरले जाते. पण त्यामुळे एकच ‘रीड’ दोन अगदी वेगळ्या परिस्थितींसमोर उभी राहिली. पाइपच्या पलीकडे कोण आहे हे कर्नलला पक्के ठाऊक असते. सॉकेटच्या पलीकडचे त्याला तेवढेच कळते, जेवढे पॅकेटांनी येऊन सांगितले. पलीकडचा प्रोग्रॅम कोसळला तर तिथला कर्नल निदान तसे कळवतो. पण तिथली वीजच गेली तर कळवायला कोणी उरत नाही. नुसती वाट पाहणारा प्रोग्रॅम मग नियमाने कितीही वेळ थांबू शकतो. ‘आहेस का?’ असे विचारण्याची सोय टीसीपीमध्ये आहे, पण ती आपण सुरू करावी लागते, आणि सुरू केली तरी पहिली विचारणा रूढ मांडणीनुसार दोन तासांनी होते.

निरोप तुटण्याचे कारणही याच सरहद्दीवर सापडते. टीसीपी बाइटांचा क्रम राखण्याचे वचन देते, निरोपांच्या सीमा राखण्याचे देत नाही. पाठवणाऱ्याने किती वेळा ‘राइट’ म्हटले याची खूण पलीकडे जात नाही. जातो तो फक्त बाइटांचा प्रवाह. इथरनेटच्या एका पॅकेटात १,५०० बाइट मावतात. त्यातून टीसीपी आणि आयपी यांच्या शीर्षकांचे ४० बाइट वजा केले की साधारण १,४६० उरतात. चार हजार बाइटचा मजकूर म्हणजे किमान तीन पॅकेटे. पहिले येऊन दुसरे वाटेत असताना ‘रीड’ झाली तर ती १,४६० बाइट देऊन मोकळी होते, आणि हे तिच्या नियमांत पूर्णपणे बसते. एकाच संगणकावरच्या लूपबॅक वाटेची मर्यादा मात्र लिनक्सवर ६५,५३६ बाइट असते. तिथे चार हजार बाइट सहसा एका घासात येतात. जर्नलमधले आउटपुट बरोबर आले ते प्रोग्रॅम बरोबर होता म्हणून नव्हे. वाट मोठी होती म्हणून. खरा प्रोग्रॅम आधी लांबी पाठवतो किंवा शेवटाची खूण ठरवतो, आणि तेवढे बाइट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतो. ते चार ओळींचे वर्तुळ लिहिण्याची गरज ज्याला स्वतः कळली, त्याला प्रवाह आणि निरोप यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

लिहिण्याच्या बाजूला याहून खोल प्रश्न आहे. ‘राइट’ यशस्वी झाली याचा अर्थ इतकाच की बाइट आपल्याच कर्नलच्या साठ्यात जमा झाले. पुढे टीसीपीची पोच येते तीसुद्धा पलीकडच्या कर्नलची असते, पलीकडच्या प्रोग्रॅमची नाही. रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली म्हणजे दारात कोणीतरी सही केली. पत्र उघडले का, वाचले का, त्याप्रमाणे काही केले का, हे त्या पावतीवर लिहिलेले नसते. यूपीआयने पैसे पाठवताना मधेच चक्र फिरत राहते तेव्हा प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो: पैसे गेले की नाही? विनंती वाटेत हरवली की काम होऊन उत्तर हरवले, हे पाठवणाऱ्याला आपल्या जागेवरून ओळखता येत नाही. पुन्हा पाठवावे तर दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावे तर काम राहण्याची. यावरचा उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावा लागतो: प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरचा काम दुसऱ्यांदा न करता जुनेच उत्तर देईल.

हे काम खालच्या थरांवर का सोपवता येत नाही, याचे उत्तम उदाहरण जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात आहे. एमआयटीमध्ये अनेक स्थानिक जाळी गेटवे संगणकांनी जोडलेली होती आणि एका गेटवेपासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पॅकेटची तपासणी होत असे. त्यामुळे प्रवास सुरक्षित आहे, असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी धरून चालले. एका गेटवेमध्ये मात्र दोष होता. आत आलेला मजकूर बाहेर जाण्याच्या जागी उतरवताना साधारण दहा लाख बाइटांमागे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल होई. तपासणी वाटेवर होती, बिघाड गेटवेच्या पोटात होता. त्या गेटवेतून वारंवार ये-जा करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली हळूहळू बिघडत गेल्या आणि शेवटी जुन्या छापील प्रतींशी हाताने ताडून दुरुस्त कराव्या लागल्या. मजकूर जसाच्या तसा पोहोचला की नाही, हे शेवटी दोन टोकांवरच तपासता येते, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. टोक म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम.

यावर पहिला आक्षेप सिद्धांताच्या बाजूने येतो. विद्यापीठाने टिकणारी तत्त्वे शिकवावीत. सॉकेटच्या आज्ञा, सी भाषेतल्या खाचाखोचा हा तपशील आहे, तो नोकरीत शिकता येतो, असे म्हटले जाते. तत्त्वांचे मोल मला मान्य आहे, पण या विषयात तत्त्वे कशी हाती आली ते पाहायला हवे. टीसीपीचे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये लिहून जाहीर झालेले होते. तरीही ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते सुमारे ४०० यार्ड. उशीर झालेले पॅकेट हरवलेच असे समजून संगणक ते पुन्हा पाठवत होते; त्यामुळे गर्दी वाढे, उशीर वाढे आणि अजून प्रती निघत. नियमाच्या पुस्तकात हे संकट दिसत नव्हते. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी प्रत्यक्ष पॅकेटांची वर्तणूक पाहिली, बर्कली युनिक्समधला कोड बदलला आणि १९८८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. गर्दी नसताना वेग थोडाथोडा वाढवायचा आणि पॅकेट हरवताच एकदम कमी करायचा, ही रीत वाटणी न्याय्य का ठेवते, याचे गणिती विवेचन दाह-मिंग च्यू आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. कोड, निरीक्षण आणि गणित एकमेकांचा हात धरूनच पुढे आले. विद्यार्थ्याला त्यातले फक्त गणित दिले तर ते कशाचे उत्तर आहे हे त्याला कळणार नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या जगातला आहे. आज कोणी स्वतः सॉकेट उघडत नाही. तयार लायब्ररी आहेत, क्लाउड आहे, आणि आता असा प्रोग्रॅम मागितल्यावर लिहून देणारी एआयची साधनेही आहेत. हे खरे आहे, आणि रोजच्या कामात अशी साधने वापरणे शहाणपणाचेच आहे. पण लायब्ररी ‘रीड’चे अर्धवट उत्तर झाकू शकते, निरोप पोहोचला की नाही हे न कळण्याची स्थिती झाकू शकत नाही. ती तुमच्यापुढे एवढेच ठेवते: मुदत किती ठेवू, किती वेळा पुन्हा पाठवू? त्या दोन आकड्यांत १९८६ ची गर्दी आणि दोनदा कापले गेलेले पैसे, दोन्ही बसलेले असतात. एआयने लिहिलेल्या कोडबाबत ही गरज वाढते. एका संगणकावर नीट चालणारा सर्व्हर ते साधन क्षणात देईल, विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये होता तसाच. त्यात काय राहिले आहे हे ओळखणारी नजर वाचून येत नाही. आपला प्रोग्रॅम अडकला, तासभर शोधले आणि कारण सापडले, या अनुभवातून ती येते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी, प्रॅक्टिकलला दोन तास, संगणक जुने, शिवाय कॉलेजच्या जाळ्यावर प्रयोग करायला मनाई. अशा स्थितीत एका संगणकावर चालणारे प्रॅक्टिकल ठेवले यात शिक्षकाचा दोष नाही. तरी अडचणीतून वाट काढण्याची या विषयाला जुनी सवय आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे ९,००० ओळींचा कर्नल छापून त्यावर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ कोड वर्गात शिकवण्यास बंदी घातली, तेव्हा त्या टीकेच्या झेरॉक्स प्रती हातोहाती फिरल्या; ती रीतसर प्रसिद्ध झाली १९९६ मध्ये. त्याच बंदीमुळे अॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिले, ते १९८७ मध्ये आले. ते वापरणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. आज अँड्रॉइड फोनच्या आत चालणाऱ्या कर्नलचे मूळ असे एका अभ्यासक्रमाच्या गरजेत आहे.

शिवाय लागणारी साधने आज विनामूल्य आहेत. लिनक्समध्ये ‘नेटवर्क नेमस्पेस’ वापरून एकाच जुन्या संगणकात दोन निराळे संगणक असल्यासारखी मांडणी करता येते, कॉलेजच्या जाळ्याला हातही न लावता. ‘नेटएम’ या सोयीने त्यांच्यामधल्या वाटेवर २०० मिलिसेकंदांचा उशीर घालता येतो, शंभरातली पाच पॅकेटे टाकून देता येतात, वाट मधेच तोडता येते. ‘एसट्रेस’ प्रोग्रॅमने कर्नलला काय विचारले ते दाखवते. ‘टीसीपीडम्प’ आणि ‘वायरशार्क’ वाटेवरून खरोखर काय गेले ते दाखवतात. म्हणजे तेच दोन तास, तेच प्रॅक्टिकल, तोच पंधरा-वीस मिनिटांत लिहून होणारा प्रोग्रॅम. बदलायची ती फक्त वाट. भारतात तर शैक्षणिक जाळ्याची सुरुवातच अशा बेभरवशाच्या वाटेवर झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या दिवसांत मुंबईतल्या जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातली ईमेल साध्या टेलिफोन लाइनवरून यूयूसीपी या युनिक्सच्याच प्रोग्रॅमने जाई. तो प्रोग्रॅम पत्रे साठवून ठेवी, जोडणी मिळाली की पुढे ढकली आणि लाइन तुटली तर नंतर पुन्हा प्रयत्न करी. लाइन तुटणारच, हे त्याच्या रचनेतच गृहीत होते.

म्हणून अभ्यासक्रमात नवे प्रकरण घालण्याआधी मी परीक्षेची रीत बदलायला सांगेन. चालणाऱ्या प्रोग्रॅमचे आउटपुट पाहून सही करू नये. एक्स्टर्नल परीक्षकाने प्रोग्रॅम चालू असताना मधली वाट तोडावी आणि विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. या क्षणी तुमच्या प्रोग्रॅमला काय माहीत आहे? काय माहीत आहे असे त्याला नुसते वाटते आहे? आणि वाट पुन्हा जोडली तर तो पहिली गोष्ट कोणती करेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कर्नल कळावा लागतो, दुसऱ्याला पोच म्हणजे काय ते कळावे लागते, तिसऱ्याला स्वतः विचार केलेला असावा लागतो. वाट तोडल्यावर जो प्रोग्रॅम ठरलेल्या मुदतीत ‘निरोप पोहोचला की नाही, मला सांगता येत नाही’ असे छापतो, त्याने परीक्षेतले सर्वांत अवघड उत्तर बरोबर दिलेले असते. सही त्या ओळीखाली व्हावी.